शेटजींचा सोफा

"माझ्या सोफ्यावर ही पोरं कुणी बसवली रं?" निपाणीचे तंबाखूवाले शेटजी असे ओरडले, की सांब्र्याच्या विमानतळावर उतरणारं विमान पुन्हा वर गेलं.

"म्या," आप्पा म्हणाले.

आमच्या फुटबॉल क्लबाच्या दरसालच्या सामन्याला मंडपातले बसायचे सोफे गोड कुंद्याच्या वाटीसकट बड्या लोकांना विकायचं काम आप्पांचं. सामना ते बघतच नाहीत, खांद्यावरच्या टॉवेलनं सोफे पुसत राहतात. एकदा त्याच भरात रेफ्रीचं टक्कलही पुसलं होतं. ह्या सोफ्यांच्या कमाईवरच अनाथाश्रमातली पोरं आमच्याकडं फुकट खेळ शिकतात. शेटजी रुसले असते, तर ते शिकणंच बंद पडलं असतं.

"ऐका की वो शेटजी, तुमच्याच पैशानं शिकल्यात ही. आता जरा तुमास्नी शिकवू द्या."

शेटजी फुगून कडेला टेकले. पोरांनी त्यांना ऑफसाइड समजावला. गोल झाला तेव्हा शेटजी सोफ्यावर उभे होते आणि सगळ्यांत धाकटी पोरगी त्यांच्या खांद्यावर!

जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या साली माझा सोफा कंचा, आप्पा?"

आप्पा सोफ्याचा हात पुसत म्हणाले, "ह्योच. जरा सरकून बसायचं."