म्हातारीचं पाणी

लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत माझं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. मी आशा सेविका, म्हणून सगळ्यांसाठी आशाबेन. पोरांना लशी टोचून घ्यायला सेंटरवर नेणं, गरोदर बायांना तपासणीला पिटाळणं आणि हगवण लागलेल्या लेकरांच्या घरी ओआरएसची पाकिटं पोचवणं, हे माझं काम. काम मला आवडतं. पण गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहते आणि तिच्यामुळे माझा जीव जळतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची समजायला नको.

म्हातारी टाळू बसवते. हगवणीनं अंगातलं पाणी गेलं की तान्ह्या पोराच्या डोक्यावरची टाळू आत जाते, खळगा पडतो. खानदेशातून इकडे आलेल्या आम्हा लोकांत म्हणतात, टाळू पडली. आणि टाळू पडली म्हणूनच हगवण लागली, असा उलटा हिशेब. म्हातारी तेलाचं बोट पोराच्या तोंडात घालून वर दाबते, डोक्यावर भिजवलेल्या उडदाच्या पिठाची टिकली थापते, आणि ती सुकून आपोआप गळून पडेपर्यंत पाण्याचा थेंब पाजायचा नाही म्हणून बजावते. आधीच सुकत चाललेल्या लेकराचं पाणी तोडायचं. मी ओरडून ओरडून थकले. ऐकतं कोण?

तिच्या दाराशी चपलांचा ढीग असतो. मी दार वाजवलं की आतून आवाज येतो, पोर गावाला गेलं. मघाशी तेच पोर ओट्यावर रांगताना मी पाहिलेलं असतं. लस टोचल्यावर अंग गरम झालं तर नवरे माझ्या दारात येऊन भांडतात. म्हातारीच्या हातून पोर दगावलं तरी देवाची मर्जी. बारशाला पहिली ओटी तिची, हळदीला पहिलं बोलावणं तिला. मला चहा विचारतात तोही निघताना, एक पाय उंबऱ्याबाहेर पडल्यावर. तिच्याजवळ बाया पोटातलं सगळं बोलतात. मी दिसले की गप्प. माझ्या पोटात दुखायचं, अजूनही दुखतं.

तरी हे सगळं परक्यांचं होतं. मग एकदा ते माझ्या घरात शिरलं.

नात तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. त्या आठवड्यात आमच्या नळाच्या पाण्याला गटाराचा वास येत होता. दरवर्षी कुठेतरी पाइप फुटतो, दरवर्षी आम्ही तेच पितो. मी सूनबाईला उकळून घे म्हणून सांगितलं आणि बांधकामावरच्या मजुरांच्या पोरांना लस द्यायची होती म्हणून सकाळीच पर्वत पाटियाकडे गेले. दुपारी परतले तर घराला बाहेरून कडी. शेजारीण म्हणाली, पोरीला सकाळपासून सारखी हगवण आहे, सून तिला घेऊन टोकाला गेली.

टोकाला म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. माझ्या घरात पलंगाखाली पाकिटांचा खोका भरलेला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

म्हातारीच्या दाराशी चपलांत सुनेच्या चपला होत्या. मीच घेऊन दिलेल्या. आत नात आईच्या मांडीवर आडवी पडली होती, डोक्यावर ती पांढरी टिकली. मी खाली बसून तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी लगेच मिटली नाही. डोळे खोल गेले होते, रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी पेल्यातून पाणी प्यायलं आणि तिची नजर त्या पेल्यामागे गेली. म्हणजे अजून पिईल. पिणं थांबलं तर क्षणभरही न थांबता उचलून मोठ्या दवाखान्यात न्यायची, हे मी मनाशी ठरवलं.

"बैस व माय," म्हातारी म्हणाली. "तुनी नातनी टाळू पडेल व्हती. आते बसनी."

"तिला पाणी पाजायला हवं," मी म्हणाले.

सूनबाईनं पोरीवर पदर ओढला. "आई, टिकली पडू द्या. तुमचं सगळ्यांना सांगून होतं, आज माझं ऐका."

खोलीतल्या बाया माझ्याकडे बघत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोर हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण मी हिसकावलं असतं तर सून रडली असती, बाया मध्ये पडल्या असत्या, मुलगा लूमच्या कारखान्यातून येईपर्यंत ओढाताण चालली असती. त्या भांडणात पोरीचं काय झालं असतं? तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

मी उठले. घरी जाऊन उकळून गार केलेल्या पाण्यात पाकीट कालवलं, तांब्या भरला, वाटी-चमचा घेतला आणि साबणाची वडीही घेतली. परत आले ती थेट म्हातारीच्या समोर बसले. जेवण झालेल्या मानाच्या पाहुणीच्या हातावर घालतात तसं तिच्या हातावर पाणी घातलं, साबण पुढे केला. बायांना वाटलं मी शरण आले. म्हातारीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं अगदी कोपरापर्यंत हात धुतले.

"मावशी, तुमना हातवरी पाजा," मी म्हणाले. "मना हातवरी ती पेत नही."

धडधडीत खोटं होतं. माझ्या हातून ती पेज खायची, वरण खायची.

"टिकली आजून पडनी नही," म्हातारी म्हणाली.

"हाई साधं पानी नही, मावशी. टाळूले वरतून तुमनी टिकली, खालतून हाई पानी. दोन्ही लागस."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. ती अडाणी असेल, भोळी नाही. मग तिनं पोरीला सुनेच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि पहिला चमचा लावला. पोरीनं तो चमच्यासकट ओढला.

मी तांब्या धरून बसले होते. ती चमचा चमचा पाजत होती, मध्येच थांबायची, उलटी आली की पोरीची पाठ चोळायची आणि पुन्हा पाजायची. मी बायांना शिकवून शिकवून जे जमलं नाही ते ती कुणी न सांगता करत होती, तेही माझ्याच पाण्यानं. उन्हं उतरली तेव्हा पोरीच्या डोळ्यांत ओल आली. थोड्या वेळानं तिनं म्हातारीचं लुगडं भिजवलं. हगवण नव्हे, मुतली होती. सगळ्या बाया हसल्या, सून रडायला लागली आणि म्हातारीच्या पाया पडली. मी ते भिजलेलं लुगडं बघत होते. नात वाचली होती, माझा जीव भांड्यात पडला होता, आणि तरी मनात एकच होतं, की ती मांडी माझी असायला हवी होती.

सूनबाईनं म्हातारीला साडीचोळी केली. मला म्हणाली, "आई, हगवणीत तुम्ही देता त्या झिंकच्या गोळ्या आहेत का बघा ना, मावशींनी विचारलंय." म्हणजे गोळ्याही आता तिच्याच झाल्या.

तेव्हापासून म्हातारी टिकली थापते आणि सोबत पाणी पाजायला सांगते. पाणी तोडायचं तिनं बंद केलं. हात धुते, बायांना धुवायला लावते. ज्या दारांनी मला कधी आत घेतलं नाही त्या दारांतल्या बाया आता माझ्या पायरीवर येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "आशाबेन, म्हातारीचं पाणी द्या." मी पाकीट देते. कसं कालवायचं ते सांगायला गेले तर म्हणतात, म्हातारीनं सांगितलंय. गल्लीतली पोरं आता आधीसारखी सुकून दवाखान्यात जात नाहीत. हे मला हवं होतं, वर्षानुवर्षं हवं होतं. ते तिच्या नावावर झालं, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

परवा पुन्हा नळाला वास आला आणि नातीचं पोट बिघडलं. आता ती चालते, बोलते. मी लगेच पाणी कालवलं, तिला जवळ घेतलं, चमचा लावला. तिनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा लावला, तिनं हातानं सांडवला.

"तुझ्या हातचं नको," ती म्हणाली आणि गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

मी तिला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात तांब्या घेतला. म्हातारी दारातच बसली होती. आम्हाला बघून ती हात धुवायला उठली. तिच्या हातावर पाणी मीच घातलं.