शारजा ते नागपूर, साडेतीन तास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात. अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव, मधल्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड. ही गोटमार. वडील दरवर्षी तिच्या विरोधात पत्रक छापत. ते गेल्यापासून मी छापते आणि काठावर वाटते. लोक घेतात आणि अंथरून त्यावर बसतात.

यंदा तोंडाला गमछा गुंडाळलेल्या एका माणसापुढे पत्रक धरलं. त्याच्या एका हातात दगड होता. दुसऱ्या हातानं त्यानं पत्रक घेतलं आणि मी त्याचे डोळे ओळखले. तो माझा भाऊ होता. शारजात एसी दुरुस्त करणारा, त्या सकाळी शारजातच असायला हवा होता असा.

"दादा! तू इथं काय करून राहिला?"

"हळू बोल ना वं. काल आलो. साडेतीन तासात नागपूर, दोन तासात घर."

"घर? घरी कुठं आला तू?"

"मित्राकडं उतरलो. रात्रीच वापस चाललो. मागच्या वर्षी नाही आलो तं पोट्टे 'दगडाले भेला' म्हणत होते."

मार्चमध्ये आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा हाच फोनवर म्हणाला होता, "लय दूर पडते, जमत नाही." मी तेव्हा मोबाईलवर पाहिलं होतं. अडीच हजार किलोमीटरच्या आत, साडेतीन तास. आम्हाला भोपाळला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण दवाखान्यात आई दाराकडे बघत होती. मी तिला सांगितलं, तीन विमानं बदलावी लागतात, दोन दिवस जातात. आयुष्यात तिच्याशी मी तेवढं एकच खोटं बोलले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "पोरगं काय करन? दोन दिवस लागते. हिनं सांगतलं, अन् ही खोटं बोलत नाही."

"मी आईले सांगीन," मी म्हटलं.

तो हसला. "सांग ना! दोन दिवस तं तूच सांगतले होते, आईच म्हणे फोनवर. खोटं कोण पडन, मी का तू?"

मी घरी गेले. आई तुरीची डाळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. सुपावरचा तिचा हात थांबला.

"साडेतीन तास?"

"हाव."

"अन् तुले तवाच मालूम होतं?"

"हाव."

ती रडेल, मला बोलेल, नाहीतर चपला घालून नदीकडे निघेल, असं वाटलं होतं. तिनं उठून दाराची कडी लावली. म्हणाली, "आता कोणाले सांगू नको तो आलता मनून."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू होत्या. आईनं कडी काढली.

"नदीवर तुमच्या पोरासारखाच एक जण दिसला वं माय!"

"तो कुठून येते, बाई?" आई म्हणाली. "दोन दिवस लागते त्याले. इचार हिले."

काकू माझ्याकडे वळल्या. आई सुपात बघत होती.

मी हाव म्हटलं.