पाण्याला घाबरणाऱ्या सासूबाईंच्या नावा

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर नावा बांधल्या आणि विकल्या. पण मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा त्या स्वतः नावेत पाऊलही ठेवत नसत. गिऱ्हाईक आलं की माझा नवरा त्याला तळ्यात फिरवून आणायचा आणि सासूबाई धक्क्यावर उभ्या राहून सूचना द्यायच्या. मी एकदा गमतीने नवऱ्याला म्हणाले की आई उंटावरून शेळ्या हाकतात. तो हसला नाही. त्याने मला जुनी हकिगत सांगितली.

माझे सासरे तरुणपणी तळ्यातून माणसं पलीकडे पोहोचवायचे. त्यांचा तराफा म्हणजे तेलाचे रिकामे पत्र्याचे ड्रम, त्यांवर फळ्या आणि वर ताडपत्री. एका दुपारी एक ड्रम आतून गंजून फुटला. त्यात पाणी भरलं, तराफा एका अंगाला झुकला आणि त्यावरची मोकळी स्टुलं माणसांसकट घसरली. त्यांत सासूबाईही होत्या, आणि त्यांना पोहता येत नव्हतं. मांडीवर माझा नवरा होता, तान्हा. पाण्यात पडल्या तशा त्यांनी पोराला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. कुणीतरी आधी पोर उचललं, मग त्यांना वेणीला धरून ओढलं. सगळे वाचले, एवढं नशीब.

सासरे कुऱ्हाड घेऊन तो तराफा फोडायला निघाले होते. ओल्या लुगड्यानिशी सासूबाई आडव्या आल्या आणि म्हणाल्या, "फोडू नका. भोक कुठे पडलं ते आधी बघू."

तेव्हापासून त्या पाण्यावर जायच्या बंद झाल्या, आणि सासऱ्यांनी नावा बांधायचा कारखाना काढला तेव्हा त्यात यायला लागल्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी मात्र आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ताक फुंकलं. एक ड्रम फुटला तर सगळा तराफा का कलंडावा, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यावर डोकं खाजवून सासऱ्यांनी ड्रमांच्या जागी दोन लांब पोकळ नळे बसवले आणि प्रत्येक नळ्यात आडव्या भिंती घालून बंद कप्पे केले. एक कप्पा फुटला तरी बाकीचे नाव तोलून धरतात. लोखंड गंजतं म्हणून ते ॲल्युमिनियमकडे वळले. त्याचं वेल्डिंग हाताला बसेपर्यंत इतका पत्रा वाया गेला की शेजारच्या भंगारवाल्याचं घर त्यावर चाललं, असं सासूबाई सांगायच्या. नळ्याचं सपाट तोंड पाणी ढकलत बसायचं, म्हणून पुढे निमुळतं नाक आलं. मोकळ्या स्टुलांच्या जागी जमिनीला पक्के आवळलेले बाक आले, त्यांखाली सामान ठेवायला पेट्या. कठड्याचं दार आत उघडणारं झालं, कारण बाहेर उघडणाऱ्या दाराला टेकलेला माणूस थेट पाण्यात जातो.

पुढे मोठ्या कारखान्यांच्या नावा बाजारात आल्या. मधोमध तिसरा नळा, त्यामुळे जास्त ताकदीचं इंजिन पेलायचं, नाव कमी डुलायची. गुबगुबीत सोफे, गाणी, दिवे, शिडी, घडी होणारं छत. सासूबाई प्रदर्शनात जाऊन प्रत्येक वस्तूला हात लावून आल्या. त्यांनी तिसरा नळा घेतला, छत घेतलं, शिडी घेतली. दिव्यांचा झगमगाट सोडून दिला. सासरे आजारात गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता या बाई शटर ओढणार. तेराव्या दिवसापर्यंतही न थांबता त्यांनी अर्ध्यावर राहिलेल्या नावेचे कप्पे पाणी भरून तपासले, कारण ती कुणाला तरी कबूल केलेली होती.

मी कारखान्यात बसू लागले तशी त्यांची विकण्याची तऱ्हा मला कळली. त्या आधी विकायच्या कमी आणि विचारायच्या जास्त. नवीनच लग्न झालेलं एक जोडपं आलं होतं. त्यांना दुमजली नाव हवी होती, वरून पाण्यात घसरगुंडी असलेली. सासूबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि एकेक चौकशी केली. घरात माणसं किती? तळं केवढं आहे, वारा सुटला की लाटा कशा येतात? नाव ठेवणार कुठे, आणि तुमची गाडी ट्रेलर ओढू शकते का? बिघडली तर जवळपास दुरुस्त करणारं कोणी आहे का? पोरगी म्हणाली, पाहुणे आले की सगळे मावायला हवेत ना.

"पाहुण्यांसाठी नाव घेऊ नका, घरच्यांसाठी घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे दोन खेपांत फिरतील."

मग त्यांनी त्या दोघांना एका वापरलेल्या लहान नावेपाशी नेलं आणि तिच्याखाली सरपटायला लावलं. सोफे सगळेच बघतात, पण नाव खालून बघायची असते. नळ्याला पोचा कुठे आहे, सांधा तडकलाय का, कप्प्यांतून पाणी निघतं का. जमिनीवरचं आवरण कोपऱ्याला उचलून खालची फळी अंगठ्याने दाबायची, मऊ लागली तर नाव कितीही चकचकीत असो, सोडून द्यायची. किती माणसं बसवायची ते नावेवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ते मानायचं. इंजिन नावेच्या ताकदीचं घ्यायचं, शेजाऱ्याच्या तोऱ्याचं नव्हे. आणि शेवटी एकदा वाऱ्याच्या दिवशी पाण्यात घालून बघायची, कारण शांत पाण्यात कुठलीही नाव गुणी असते. दोघं कपड्यांना ग्रीस माखून बाहेर आले आणि तीच नाव घेऊन गेले.

त्यानंतरच्या वर्षी माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला.

बाबा बसचालक. आई लवकर गेली, आणि बाबांनी मला त्या बसच्या पगारावर, बसच्या वेळापत्रकात वाढवलं. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली. हात लुळा पडला, बोलणं जड झालं. लेकीच्या सासरी राहायला ते तयार नव्हते. सासूबाईंनी वाद घातला नाही. कारखान्याला लागून असलेली खोली रिकामी करून घेतली, उंबरठा तासून काढला आणि बाबांना निरोप धाडला की कारखान्याला दिवसा राखण नाही, कुणीतरी विश्वासाचं माणूस हवं आहे. बाबांना कळलं होतं की हे निमित्त आहे. पण ते आले.

खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची. येणारी-जाणारी बस दिसली की बाबा आपली चाकांची खुर्ची भिंतीकडे फिरवायचे. मला वाटायचं, उन्हामुळे. सासूबाईंनी ओळखलं. एक दिवस त्या बाबांना नव्या नावेजवळ घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, व्याही, हे स्टिअरिंग जड लागतं का बघा. बाबांनी डावा हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंनी एक नाव बाजूला काढली. कठड्याचं दार रुंद केलं. धक्क्यावरून खुर्ची थेट आत सरकावी अशी फळी बसवली आणि चाकं अडकवायला जमिनीत पकडी घातल्या. स्टिअरिंगला मूठ लावली, म्हणजे एका हाताने फिरवता येतं. अडचण होती वेग कमी-जास्त करायच्या दांड्याची. तो उजव्या हाताला असतो. माझा नवरा म्हणाला, केबल सगळी उलटी फिरवावी लागेल, फार खटाटोप आहे. सासूबाईंनी विचारलं, "मग आज सुरू करतोस की उद्या?"

काम झालं. सकाळची वेळ होती, तळं निवांत. बाबांना खुर्चीसकट आत नेलं, लाइफ जॅकेट चढवलं, नवऱ्याने दोर सोडायला घेतला. बाबांचा हात दांड्यावर होता, पण ते तो ढकलेनात. शब्द जुळवत ते धक्क्याकडे बघून म्हणाले, "विहीणबाई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," सासूबाई म्हणाल्या.

"मग या. दोघं मिळून घाबरू."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातलं जॅकेट घेतलं आणि बंद लागलाय ना, हे दोनदा ओढून पाहिलं. मग माझा दंड घट्ट धरून त्या फळीवरून आत आल्या. बाकावर बसल्या, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि डोळे मिटले. बाबांनी दांडा पुढे केला.

नाव चालायला लागली. बाबांनी सवयीने बाजूच्या आरशात बघायला मान वळवली, आरसा नव्हता. वळण आलं तेव्हा लुळ्या उजव्या पायाऐवजी डावा पाय ब्रेक शोधत होता. ते हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं, तोंड वाकडं झाल्यामुळे तो आवाज वेगळाच येत होता. त्या हसण्याने सासूबाईंनी डोळे उघडले. तळ्याच्या मध्यावर होतो आम्ही. त्यांची बोटं कठड्यावरून हळूहळू सुटत गेली. परतताना नाव धक्क्याला जरा जोरात लागली, तेव्हा बाबांनी जुन्या सवयीने मागे वळून प्रवाशांची माफी मागितली.

माझा जीव त्या दिवशी भांड्यात पडला. पण खरं सांगायचं तर कारखान्याचंही त्या फेरीने भलं झालं. उतरल्या उतरल्या सासूबाई म्हणाल्या, बाकाची पाठ उन्हाने पोळते, छत मागे सरकवायला हवं, आणि म्हाताऱ्या हाताला कठडा फार जाड आहे. इतकी वर्षं धक्क्यावरून हे दिसलंच नव्हतं. पुढच्या सगळ्या नावांत त्यांनी ते बदललं. गिऱ्हाइकांना फिरवून आणायचं काम बाबांकडे गेलं आणि सासूबाई शेजारी बसून माहिती देऊ लागल्या. अर्धांग झालेला माणूस नाव चालवतोय म्हटल्यावर घाबरट गिऱ्हाइकंही धीटपणे बसायची. व्याही-विहिणीत दाराच्या कडीपासून इंजिनाच्या तेलापर्यंत वाद व्हायचे आणि दुपारी चहाला मिटायचे.

बाबा पुढे काही वर्षं जगले, आणि ती वर्षं त्यांनी खुर्ची भिंतीकडे न फिरवता काढली. ते गेल्यावर मी सासूबाईंना म्हणाले की तुमचे उपकार मी कसे फेडू. त्या बाकाच्या गादीची शिवण तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "उपकार कसले? त्यांनी बोलावलं नसतं तर मी काठावरच मेले असते."

आता त्या थकल्या आहेत. वेल्डिंगच्या झोताकडे बघू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी मधूनच कारखान्यात डोकावतात. गेल्या आठवड्यात लांबच्या गावाहून एक बाई आल्या, नवऱ्याला घेऊन. त्याचा उजवा हात अपघातात गेला होता. सासूबाईंनी चहा मागवला, घरात माणसं किती, तळं केवढं, सगळं विचारलं आणि मग मला हाक मारली. दांडा डावीकडे घालायचं काम आम्ही सुरू केलंय. दार जरा रुंद ठेवा, असंही सासूबाईंनी सांगितलंय, म्हणजे पुढेमागे कुणाची खुर्ची आत न्यायची झाली तर.