नानाची केळी आणि माझी जीभ

नाना गेल्याचा फोन आला, तेव्हा मी धुळ्याच्या घरी त्यानेच धाडलेली केळ्यांची फणी पिकली का ते चाचपून बघत होते. भाचा, नानाचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आत्या, नाना झोपेतच गेले..." त्याला आता महिना होत आला.

नाना माझा थोरला भाऊ. भुसावळजवळच्या आमच्या गावी केळीच्या बागेतच त्याचा जन्म गेला. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी केळं बंद केलं. केळ्यातलं पोटॅशियम अंगाबाहेर पडत नाही, साचलं तर हृदय बंद पडू शकतं, असं त्यांनी समजावलं. परतताना गाडीत नाना हसला. "पाह्य माय, झाडाले मी पोत्यानं पोटॅश घालतो, अन् मले एक केळं चालत नाही!" मला मात्र रडू आवरेना.

पण त्याने पथ्य पाळलं ते बघणाऱ्याने थक्क व्हावं असं. वहिनी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायच्या आणि उरलेली बेचव भाजी हा पठ्ठ्या मिटक्या मारत खायचा. नव्या बागेतला पहिला घड कापला की पहिलं केळं मालकाने खायचं, ही आमच्या घरची रीत. पथ्य लागल्यावर पहिल्यांदा घड कापला, त्या दिवशी सगळेच अवघडले. नानाने केळं सोललं, हुंगलं, कपाळाला लावलं आणि माझ्या तोंडाशी धरलं. "तू खाय. मी पाह्यतो."

एकदा मात्र घोटाळा झाला. त्याची जीभ चाळवू नये म्हणून वहिनींनी सांगितलं, "औंदा केळीले चवच नाही." झालं! पोटॅश कमी पडलं असं समजून नाना डायलिसिसहून आला तसाच, धड उभं राहवत नसताना, ठिबकच्या टाकीपाशी जाऊन खत सोडायला लागला. दोघांनी धरून घरी आणला. संध्याकाळी मला फोन. "तुह्या वहिनीचा भरोसा नाही. फणी धाडतो, खाऊन खरं सांगजो."

तेव्हापासून मी इकडे खायचे आणि तो तिकडे ऐकायचा.

"बुडाशी कसं लागते?"

"जरा करकरीत."

"अन् वास?"

वास सांगितला की एक लांब श्वास ऐकू यायचा... इतका जीव अडकलेला, पण चोरून एक घास घेतला नाही. कसं जमतं रे, असं मी विचारलं तर म्हणाला, "बाग पाह्याची हाये ना अजून." मला त्याचा फार अभिमान वाटतो.

परवा भाच्याने धाडलेली फणी पिकली. सवयीने फोन हाताशी घेऊन बसले आणि एक केळं खाल्लं. पाणचट होतं. घरच्या दुःखात टाकीकडे कोणी फिरकलंच नसणार. मीच भाच्याला फोन लावला. "चव नाही रे. नाना असता तर एव्हाना टाकीपाशी असता."

पलीकडून चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. "निंघालो, आत्या."