नणंदेची फी आणि आबांच्या नावावरचा कापूस

माझी धाकटी नणंद आमच्या गल्लीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. गावाजवळच्या धरणगाव स्टेशनावरून रेल्वेनं अमळनेरला जायची, संध्याकाळी परत. पहिल्या वर्षी सरपंचांनी कमी उत्पन्नाचा दाखला दिला, तो कॉलेजात दिला आणि फी माफ झाली. आम्हाला वाटलं, सरकारनं एकदा माफ केली म्हणजे शेवटपर्यंत माफ. असं कुठे असतं का? पण सांगणार कोण? घरात सगळ्यांत जास्त शिकलेली तीच, आणि तिच्या खालोखाल चौथी पास मी.

दुसऱ्या वर्षी कॉलेज उघडलं आणि ती गाडीतून उतरून आली तीच तोंड पाडून. फळ्यावर सूचना लागली होती, ती तिनं वहीत उतरवून आणली होती. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. म्हटलं, "वाच." तिनं भराभर वाचलं. म्हटलं, "अगं, सावकाश वाच, रेल्वे चुकतेय का तुझी?" मग एकेक शब्द घेऊन बसलो. सवलत दरवर्षी नव्यानं मागायची. नापास झालं तर नाही. सरपंचांचा दाखला आता चालायचा नाही, तलाठ्याचा अहवाल घेऊन तालुक्याच्या कचेरीतून दाखला आणायचा. आणि 'पालकाचे सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न' दाखवायचं, कापूस विकला असेल तर त्याच्या पावत्यांसह. ते 'सर्व मार्गांनी' मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. आम्हाला मार्ग एकच, कापसाचा. त्यात काय अवघड, असं मला वाटलं. भाकरी करपली तेवढीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चावडीवर गेलो. तलाठी तात्या माणूस बरा होता, पण आमचं ऐकून हसायलाच लागला.

"वहिनीबाई, तुमच्या सासऱ्यांनी यंदा सरकारी केंद्रावर जेवढा कापूस घातला ना, तेवढा पंचक्रोशीत कोणी घातला नाही. आणि तुम्ही गरिबीची सवलत मागता? मी अहवाल लिहिला तर मला वरून विचारतील, तात्या, डोळे फुटले का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरकारनं कापूस खरेदी आपल्याकडे घेतली होती ती वर्षं. केंद्रावर गाड्यांची ही लांब रांग लागायची, बैल तिथेच बसायचे, माणसं गाडीखाली झोपायची. आमच्या भाऊबंदांनी त्यावर तोड काढली होती. सगळ्यांचा कापूस एकाच्या नावावर घालायचा, म्हणजे नंबर एक, खोळंबा एकाचा. आणि नाव कोणाचं? गल्लीत मोठं कोण? आबा! माझे सासरे. पैसे आले की आबा ओट्यावर बसून ज्याचे त्याला वाटून देत. कोणाला शंका नाही, भांडण नाही. पण पावती फाडणाऱ्याला काय ठाऊक? पावतीवर सगळा कापूस आबांचा. आमच्या स्वतःच्या दोन गाड्यासुद्धा धड भरत नव्हत्या.

मी विचारलं, "तात्या, ज्यांचा कापूस त्यांनी येऊन सांगितलं तर?"

"तर मी जबाब लिहून घेईन. पण आधी आबांनी माझ्यापुढे म्हणायला हवं, की तो कापूस माझा नाही."

तेवढंच तर अवघड होतं! 'आबांच्या गाड्या निघाल्या' असं गाव म्हणायचं तेव्हा आबा मिशीवरून हात फिरवायचे. आमचे हे तर वडिलांपुढे मान वर करत नसत. आणि मी सून. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी दाराआड, पदर डोक्यावर, आबा ओट्यावर, आणि मध्ये उंबऱ्यावर नणंद. माझं तिनं आबांना सांगायचं, त्यांचं मला.

"वहिनी म्हनस, कापूस ज्याना शे, त्यानाच शे अशे तात्याले सांगा."

आबा उसळले. "बठ्ठं गाव माले आबा म्हनस. आते चावडीवर जाईसन मी काय सांगू, मना कापूसच नही? मी गरीब शे, असा दाखला मी मांगू?"

"वहिनी म्हनस, गरीब म्हणजे चोर नही."

"तिले सांग, एक वरीस व्हयनं कॉलेज. पुरे व्हयनं."

हे मात्र नणंदेनं मला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, मी दाराआडून ऐकलं होतं. ती उठली, पुस्तकं उचलली आणि कोनाड्यात रचायला लागली. रडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती रचत होती, लहान पुस्तक वर, मोठं खाली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली आणि पुन्हा पिशवीत भरली. म्हटलं, "उद्याची गाडी चुकवायची नाही. बाकीचं माझं मी बघते."

मग मी गल्लीतल्या घरांतून फिरले. पुरुषांकडे नाही, बायकांकडे. कापूस आम्हीच वेचलेला, कोणाच्या शेतातून किती निघाला ते आमच्या कमरेला ठाऊक. एकीनं म्हटलं, "आमचे येतील गं, पण आबांसमोर 'हा कापूस माझा' असं त्यांच्या तोंडून निघायचं नाही." दुसरी म्हणाली, "निघेल. नाही निघाला तर रात्री घरात भाकरी निघायची नाही." हसलो आम्ही, पण तिनं ते खरं करून दाखवलं असतं.

शेवटी त्यांचे नवरे आमच्या ओट्यापुढे येऊन उभे राहिले. पागोटं सारखं करतात, खोकतात. मी दाराआड किती वेळ थांबणार? पदर नीट केला आणि ओट्यावर आले. नणंदेला मध्ये न घेता म्हटलं, "आबा, तुमच्या नावावर गल्लीनं कापूस सोपवला, कारण तुम्ही कोणाचं बुडवलं नाही. आता तुमच्या नावापायी तुमच्याच पोरीचं कॉलेज बुडतंय. तुम्ही चावडीवर चला."

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मागच्या भिंतीकडे बघत बसले. मग उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि चावडीकडे चालायला लागले. मागून गल्ली निघाली.

चावडीवर आबा उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "लिखा तात्या. नंबर मना, नाव मनं. कापूस ह्या बठ्ठास्ना." मग सगळ्यांनी एकेक करून आपापला सांगितला. एका चुलत दिरानं तेवढ्यातही विचारलंच, "आबा, मंग पुढला साले रांगमा कोन उभं ऱ्हाई?"

"तुले पाय शेतस ना!" आबा म्हणाले. तलाठ्यासकट सगळे हसले. आबा हसले नाहीत.

कचेरीच्या दोन-तीन खेपा झाल्या, एकदा साहेब नाहीत, एकदा शिक्का नाही. मीही जातच राहिले. दाखला मिळाला, सवलत मिळाली, नणंद दुसरं वर्ष पास झाली. त्या हंगामात ज्यानं त्यानं आपल्या नावावर कापूस घातला आणि रांगेत बसून आम्हाला शिव्या दिल्या. आबांच्या नावावर आमचाच तेवढा. गावात कोणी विचारलं तर म्हणायचे, "औंदा थोडा शे." चार-सहा महिने माझ्याशी नणंदेमार्फतही बोलले नाहीत.

तिसऱ्या वर्षी ती पुन्हा फळ्यावरची सूचना उतरवून घेऊन आली. मी हात पुसत बाहेर येतेय तोवर आबांनी ओट्यावर सरकून तिला जागा केली होती. दाराकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तू बी ये. औंदा काय बदललं ते पुरं ऐकू दे."