अक्काने उसवलेली गादी

सिंधूअक्का गेली हे मला धुळ्याच्या एसटी स्टँडवर कळलं. अमळनेरच्या गाडीतून तिची शेजारीण शोभा उतरली. निरोप द्यायलाच आली होती. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "अक्का गई, ताई..." मला रडू आलं नाही, संताप आला. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तरी तो उतरलेला नाही.

अक्का माझी आतेबहीण. ऐंशीच्या दशकात नवरा वारला आणि ती अमळनेरच्या एका गादी कारखान्यात पिंजणखोलीत लागली. यंत्रातून चांगला कापूस फुलून निघायचा आणि खाली आखूड कापूस, सरकीची टरफलं, धूळ साचायची. त्यात शिवणखोलीतल्या चिंध्यांची भर. रोज संध्याकाळी हा ढीग मागच्या अंगणात पेटवून देत, आणि भिंतीपलीकडेच आमची वस्ती, मीही तेव्हा तिथेच राहायचे. धुराने लहान मुलं खोकून बेजार व्हायची. एक दिवस अक्का शेठसमोर उभी राहिली. "जाळतस कसाले, शेठ? आमले द्या." शेठ हसले. "न्या की! तेवढीच झाडलोट वाचली."

मग अक्काने वस्तीतल्या बायकांना घेऊन घरामागे पत्र्याची शेड टाकली. आणलेला कापूस बायका झाडायच्या, निवडायच्या, उन्हात तापवून पुन्हा पिंजायच्या. त्यातून तान्ह्या मुलांच्या गाद्या आणि बालवाडीची बसकरं व्हायची, चिंध्या जोडून खोळी निघायच्या. उरलेली धूळ शेणात कालवून खड्ड्यात जायची, त्या खतावर शेडमागे वांगी लागायची. गिऱ्हाइकाला अक्का आधीच सांगायची, कापूस नवा नाही, निवडलेला आहे. तरी गाद्या खपायच्या, आणि ते शेठच्या डोळ्यांवर आलं. कचरा द्यायचा बंद झाला, बायकांना घरोघरच्या जुन्या गाद्यांच्या कापसावर भागवावं लागलं. कारखान्यातला कचरा पोत्यांत भरून आतल्या खोलीत जाऊ लागला. अक्काने विचारलं तर "तुला काय करायचंय?" एवढंच उत्तर मिळालं.

उत्तर साक्रीकडे सापडलं. माझी भाची तिथल्या मुलींच्या वसतिगृहात होती. आम्ही दोघी तिला भेटायला गेलो, तर पोरीच्या हातापाठीवर पुरळ. रात्रभर खाजतं म्हणाली, सगळ्याच मुलींना खाजतं. अक्का गादीकडे बघत राहिली. खोळीचे पट्टे तिच्या ओळखीचे होते, तिच्याच कारखान्यातले. तिने दातांनी टाका तोडला आणि शिवण उसवली. आतून फरशीवरची झाडलोट निघाली... टरफलं, यंत्राच्या तेलात माखलेले गोळे, बिड्यांची थोटकं. ते सगळं पदरात भरून तिने अधीक्षकांच्या टेबलावर ओतलं.

"हाई गादी शे का उकिरडा? तुमनी पोर निजाडशात का येनावर?"

"बाई, वरून पास होऊन आलेला माल आहे," अधीक्षक म्हणाले आणि रुमालाने टेबल झटकू लागले.

अक्का परतली तोवर बातमी शेठपर्यंत पोचली होती, तिला कामावरून काढलेलं होतं. आम्ही तक्रारी केल्या, कोणी विचारलंसुद्धा नाही. पुढची ऑर्डरही त्याच कारखान्याला गेली! सुट्टीत मुली घरी गेल्यावर अक्का शोभाला आणि बायकांना घेऊन साक्रीला गेली, आणि अंगणात एकेक गादी उसवून, निवडून पुन्हा भरली. गाद्या कमी झाल्या, दोन मुलींना एक पुरवावी लागली, पण खाज थांबली. अधीक्षक तेवढे दिवस रजेवर होते.

पुढे अक्काच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, कापसाच्या धुळीत किती वर्षं काढलीत? पिंजणखोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा, म्हणून तिने शेठच्या कितीदा विनवण्या केल्या होत्या. "पंख्याने कापूस उडतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कापूस वाया जाऊ नये म्हणून या माणसाने माणसं वाया घालवली, याला मी दुसरं काय म्हणू? शेवटी शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं. जन्मभर गाद्या भरणारी माझी बहीण भिंतीला टेकून, बसल्या बसल्या गेली.

आणि अमळनेरच्या शोकसभेत शेठ बोलायला उभे राहिले! "कचऱ्यातून सोनं करणारी ही बाई माझ्या कारखान्यात घडली," म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आले, ती तशीच शेडकडे गेले. शोभा एका गादीचे टाके घालत होती. साक्रीहून आल्यापासून अक्काने एक रीत पाडली होती: गादीची एक बाजू उघडी ठेवायची, गिऱ्हाइकाने आत हात घालून बघायचं, मगच शिवायची. बायका आजही तसंच करतात.

थोड्या वेळाने शेठ तिथेही आले, सोबत फोटोवाला. शोभा उठली आणि तिने गादीचं उघडं तोंड त्यांच्यापुढे धरलं.

"मझार हात घाला, शेठ. देखा."

शेठ फोटोवाल्याकडे बघून हसले. हात मागे बांधलेलेच होते... शोभा मात्र गादी धरून उभी राहिली, ते गाडीत बसून निघून जाईपर्यंत.