गोळी तिसऱ्या मजल्यावर, शेक तळघरात

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या नाकावर, गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. वय एकसष्ट. देऊळगाव राजाच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईचं तोंड दहावीतल्या मुलीसारखं झालं. भेटायला येणाऱ्यांना माझ्या फुप्फुसातल्या कॅन्सरपेक्षा त्या पुटकुळ्यांचंच जास्त दुःख. एकीने मुलतानी माती आणली. दुसरी म्हणाली, तळलेलं खाणं बंद करा. कॅन्सरवर बोलायची हिंमत नसली की माणसं त्वचेवर फार मोकळेपणाने बोलतात.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ही साधी किमो नाही. ही नेम धरून मारणारी गोळी आहे." रोज एक, ठरल्या वेळेला. नेम भलताच रुंद होता. नखांच्या कडा पिकल्या, पोट वाहायला लागलं, जिभेला साधं वरणही झोंबायचं. पण गाठ लहान झाली, हे कबूल करायला हवं. गोळीचा माझ्यावर राग नव्हता, माझाही तिच्यावर नव्हता.

काही महिन्यांनी पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. आजार मणक्यात उतरला होता. त्यावर दहा शेक ठरले. शेक! किरणांनी मांस भाजायच्या उपचाराला आपण शब्द कोणता शोधला, तर गरम पाण्याच्या पिशवीचा.

दवाखाना जालन्याच्याही पुढे, मोठ्या शहरात. गोळीचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, शेकाचे तळघरात. वरची फाइल पिवळी, खालची हिरवी. पहिल्याच दिवशी मी तळघरात विचारलं, "माझी रोजची गोळी चालू आहे. ती घ्यायची की थांबवायची?"

हिरव्या फाइलमधून मान वर न काढता तिथले डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचं वरच्या सरांना विचारा."

वरच्या सरांच्या दारात गर्दी होती. मदतनीस बाईने आतून निरोप आणला, "शेकाचं खाली विचारा म्हणाले."

माझे यजमान म्हणाले, "त्यांनी एकमेकांशी बोलून घेतलंच असेल." आणि मी, 'शंका असेल तर हात वर करा' असं वर्गावर्गांतून ओरडत फिरलेली बाई, मान डोलावून घरी आले. दुसऱ्यांना हसण्याआधी हे लिहून ठेवते.

दहाही शेक गोळी चालू असतानाच झाले. सहाव्या-सातव्या शेकानंतर गिळणं अवघड झालं. भाताचा घास छातीच्या मध्यावर निखाऱ्यासारखा थांबायचा. त्याच दिवसांत रोहिणखेडहून थोरल्या नणंदबाई मुक्कामाला आल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अक्कांना जगातल्या प्रत्येक रोगाचं कारण माहीत असतं आणि ते एकच असतं.

"काऊन रडून राह्यली तू? शेक घेतले ना? मंग अंगात उष्णता झाली. दुधात गुलकंद खाय."

"अक्का, अन्ननलिका भाजलीय."

"तेच तं म्हणतो मी. उष्णता!"

गिळतानाची आग हळूहळू निवली. पाठही खरंच दुखायची थांबली. बऱ्याच दिवसांनी मी पहिल्यांदा कूस बदलून झोपले. अक्कांनी सगळं श्रेय गुलकंदाला दिलं आणि त्या रोहिणखेडला परत गेल्या.

दीडेक महिन्याने कोरडा खोकला सुरू झाला. मग दम. स्वयंपाकघरातून ओसरीवर येईपर्यंत दोनदा भिंत धरायला लागायची. गावातल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ब्लाउजवरूनच टेकवला आणि म्हणाले, "हवा बदललीय, सगळ्यांनाच होतंय." खोकल्याचं औषध लिहून दिलं. एक बाटली संपली, दुसरी संपली. तिसरी घ्यायला मी यजमानांच्या हाताला धरून औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार चाचांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गातल्या. माझी ती गोळीही तेच मागवून द्यायचे.

त्यांनी बाटली काढली, माझा श्वास ऐकला आणि बाटली काउंटरवर ठेवलीच नाही.

"बाई, एक बात विचारू? शेक चालू होते तवा ही गोळी बंद होती का चालू?"

"चालू होती."

"दोन्ही डॉक्टरले मालूम होतं?"

मी यजमानांकडे वळून बघितलं. चाचांनी बाटली परत फळीवर ठेवली. "हे मी देत नाही. तुम्ही आजच्या आज जा."

आम्ही तसेच गाडी करून गेलो. वरच्या सरांनी छातीचा स्कॅन करून घेतला आणि म्हणाले, "फुप्फुसाला सूज आहे. ही शेकाची दिसते. खाली दाखवा." तळघरातले म्हणाले, "ही गोळीचीही असू शकते. वर विचारून या."

मी हिरवी फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर पिवळी ठेवली आणि खुर्चीत बसले.

"मी उठणार नाही. तुम्ही त्यांना फोन लावा."

"मॅडम, बाहेर पेशंट थांबलेत."

"मीही पेशंटच आहे." एवढं बोलायलाही मला दोनदा थांबावं लागलं.

फोन लागला. "अरे यार, एक मिनिट खाली येतोस का?" यार! दोघे एकाच हॉस्टेलमध्ये राहिलेले, एका ताटात जेवलेले. मी मधल्या जिन्यांवरून निरोप वाहत होते, ते या दोन जिगरी दोस्तांचे. पाच मिनिटांत वरचे खाली आले. दोघांनी उजेडापुढे स्कॅन धरला, हळू आवाजात बोलले आणि मला तिथूनच भरती केलं. गोळी बंद, स्टेरॉइड सुरू, नाकाला ऑक्सिजन.

"दोन्ही एकत्र आल्यामुळे त्रास वाढला असेल," तळघरातले म्हणाले. "नक्की कशामुळे, ते आम्हालाही सांगता येणार नाही."

त्या इमारतीत ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य. त्यावर वरच्यांनी भर घातली, "तुम्ही आधी विचारायला हवं होतं." यजमानांनी माझा हात दाबला, कारण मी काय बोलेन ते त्यांना कळलं होतं.

पाच दिवसांनी ऑक्सिजन निघाला. स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेलं. त्याने माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि गोळी बंद असल्यामुळे पुटकुळ्या गेल्या. अक्का भेटायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "पाह्य बरं, कशी भरली तब्येत! मी म्हटलं होतं ना?"

पुढच्या स्कॅनमध्ये सूज उतरलेली दिसली. वरच्यांनी वेगळी गोळी सुरू करायचं ठरवलं. मी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवून, उभ्यानेच दिली. चौथा होता, "तळघरातल्यांना हे कळवलंय का?" त्यांनी मूठ सोडली, खुर्ची ओढली, फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाचा पुढचे."

मी अकराही वाचले. जिना चढताना अजून खोकला येतो. पण हल्ली मी जिना चढत नाही, लिफ्टने जाते, आणि दोन्ही फाइली एकाच दोरीने बांधलेल्या असतात.